शेंडेनक्षत्राचे माती परीक्षण

कळमन्याच्या बाजारात हरभऱ्याचे पोते उतरले की खरेदीदार ते नुसते बाहेरून पाहून भाव बोलत नाही. तो पोत्यात टोकदार नळी खुपसतो, आतला दाणा तळहातावर घेतो, दाताखाली फोडून ओल पाहतो आणि मगच बोली लावतो. आपणही बैल घेताना दात पाहतो, बियाणे घेताना उगवण पाहतो. जी वस्तू हाताळून पाहिली तिच्याविषयी भीती उरत नाही आणि फसगतही कमी होते.

आकाशातल्या शेंडेनक्षत्राच्या, म्हणजेच धूमकेतूच्या बाबतीत मात्र माणसाने हजारो वर्षे पोते बाहेरूनच पाहिले. दूरवर एक धूसर तारा, त्याला पांढरी शेपटी. तो दिसला की कोणी म्हणे राजा जाणार, कोणी म्हणे दुष्काळ पडणार, कोणी म्हणे गुरांवर रोग येणार. पोत्यात नळी खुपसण्याची सोयच नव्हती. ती सोय अखेर २०१४ साली झाली. त्या वर्षी माणसाने पाठवलेले एक यान धूमकेतूच्या अगदी जवळ गेले आणि त्या यानातून निघालेली एक पेटी धूमकेतूच्या अंगावर उतरली. शेतकरी बंधू-भगिनींनो, आपण शेताची माती तपासायला पाठवतो तसेच हे काम होते. म्हणून आज ही हकीकत आपल्याच भाषेत सांगतो.

भीती फक्त खेड्यातली नव्हे

शेंडेनक्षत्राची भीती म्हणजे खेडवळांचा अडाणीपणा, असे शहरातली मंडळी म्हणतात. ते खरे नाही. १९१० साली हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा त्याच्या शेपटीत विषारी वायू आहे अशी बातमी पसरली. युरोप-अमेरिकेतल्या शिकल्या-सवरलेल्या लोकांनी दारा-खिडक्यांच्या फटी बुजवल्या आणि विषावरच्या गोळ्या विकत घेतल्या. पृथ्वीला काहीच झाले नाही. गोळ्या विकणाऱ्यांची मात्र कमाई झाली.

कोणत्याही गोष्टीचा संबंध शेंडेनक्षत्राशी जोडायचा म्हटले तर जोडता येतो. छत्रपती शिवाजी महाराजांचे निधन १६८० च्या एप्रिलमध्ये झाले. त्याच वर्षी एक फार मोठा धूमकेतू दिसला, पण तो नोव्हेंबरमध्ये. तोच आधी मार्चमध्ये दिसला असता तर त्याला आजवर किती दोष लागला असता याची कल्पना करा.

पावसाच्या बाबतीत तर आपल्याजवळ नोंदीच आहेत. १९९७ साली हेल-बॉप नावाचा ठळक धूमकेतू कित्येक आठवडे नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. त्या वर्षी देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. २०२० च्या जुलैमध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, निओवाइज धूमकेतू दिसला. त्या वर्षी पाऊस १०९ टक्के झाला. उलट २०१४ साली ८८ टक्के आणि २०१५ साली ८६ टक्के पाऊस पडला. आपल्या विदर्भ-मराठवाड्याने ती दोन वर्षे कशी काढली ते आपण जाणताच. त्या दोन वर्षांत लोकांना घाबरवील असे ठळक शेंडेनक्षत्र आकाशात नव्हते. पावसाचे गणित समुद्राच्या तापमानाशी आणि वाऱ्यांशी बांधलेले आहे, शेपटीच्या ताऱ्याशी नाही. तेव्हा शेंडेनक्षत्र दिसले म्हणून पेरणी लांबवू नये, की घरातले धान्य घाईने विकू नये.

काही दगड आपणहून येतात

आकाशातली वस्तू हातात घेण्याचा एक सोपा मार्ग निसर्गाने ठेवला आहे. ती वस्तूच कधीकधी खाली पडते. आपल्या नागपूर जिल्ह्यातले उदाहरण ताजे आहे. २२ मे २०१२ रोजी भर दुपारी, दोनच्या सुमारास, संत्र्यासाठी प्रसिद्ध असलेल्या काटोल भागात आकाशातून दगड पडले. मोठा आवाज झाला, लोक घराबाहेर आले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी ते दगड गोळा करून तपासले. बाहेरून काळी करपलेली साल आणि आत करडा दगड, असे त्यांचे रूप होते.

पुढे काटोलच्या या दगडात ब्रिजमनाइट नावाचे खनिज सापडले. खरगपूरच्या आय. आय. टी.मधील शास्त्रज्ञांचा त्यावरचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. हे खनिज पृथ्वीच्या पोटात साडेसहाशे किलोमीटरहून खाली विपुल आहे, पण तिथवर कोणी विहीर खणू शकत नाही. तेच खनिज काटोलच्या शिवारात पडलेल्या दगडात आढळले. अवकाशात दोन पाषाणांची जबर टक्कर झाली तेव्हा त्या दाबाने ते तयार झाले होते.

मग दगड आपणहून येत असताना यान पाठवायची गरज काय? कारण काटोलचा दगड धूमकेतूचा नव्हे. तो मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान फिरणाऱ्या लघुग्रहांपैकी एकाचा तुकडा. धूमकेतू बर्फ आणि धूळ यांचा बनलेला असतो. त्याची धूळ दरवर्षी पृथ्वीवर येते खरी, पण ती उंचावरच जळून जाते. ऑगस्टमध्ये पहाटे तारे तुटताना दिसतात, ती अशीच एका धूमकेतूने मागे सोडलेली धूळ. बर्फ तर वाटेतच वाफ होऊन जातो. तेव्हा धूमकेतूचा नमुना तपासायचा तर त्याच्या बांधावर जाण्यावाचून दुसरा उपाय नव्हता.

गोफणीने फेकलेले यान

हे काम युरोपातल्या देशांच्या अवकाश संस्थेने हाती घेतले. याच संस्थेचे एक यान १९८६ साली हॅलेच्या धूमकेतूपासून सुमारे ६०० किलोमीटरवरून गेले होते. त्या वेळी धूमकेतूचा गाभा कोळशासारखा काळा आहे हे प्रथमच दिसले. पण ती भेट म्हणजे धावत्या एस. टी.तून पाहिलेले शेत. आता शेतात उतरायचे होते.

त्यासाठी निवडलेल्या धूमकेतूचे नाव चुर्युमोव-गेरासिमेन्को. १९६९ साली कझाकस्तानातल्या आल्मा-आटा येथून घेतलेल्या छायाचित्रांवरून या दोन शास्त्रज्ञांनी तो शोधून काढला. गेरासिमेन्को या बाई, आणि छायाचित्रे त्यांनीच काढलेली. हा धूमकेतू सुमारे साडेसहा वर्षांत सूर्याभोवती एक फेरी पुरी करतो. त्याची लांबी चार किलोमीटरहून थोडी अधिक, म्हणजे एखाद्या गावाच्या शिवाराएवढी.

यानाचे नाव रोझेटा. २ मार्च २००४ रोजी ते दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गियाना येथून सुटले. धूमकेतूला गाठण्याइतका वेग कोणत्याही अग्निबाणाला एका दमात देता येत नव्हता. म्हणून शास्त्रज्ञांनी गोफणीची युक्ती वापरली. जोंधळ्याच्या राखणीला मचाणावर उभा असलेला मुलगा गोफण फिरवून दगड सोडतो, तसे यान पृथ्वीजवळून तीन वेळा आणि मंगळाजवळून एकदा नेले. प्रत्येक वेळी त्या ग्रहाच्या ओढीने यानाची वाट वळली आणि वेग बदलला. या फेऱ्यांत कितीतरी वर्षे गेली. पुढे यान सूर्यापासून इतके लांब गेले की त्याच्या सौरपट्ट्यांना ऊन पुरेना. तेव्हा २०११ च्या जूनपासून २०१४ च्या जानेवारीपर्यंत यानाला चक्क झोपवून ठेवले. ठरलेल्या दिवशी, २० जानेवारी २०१४ रोजी, ते आपणहून जागे झाले. ६ ऑगस्ट २०१४ रोजी ते धूमकेतूपाशी पोचले. निघाल्यापासून दहा वर्षे झाली होती. आंब्याचे कलम लावून फळाची वाट पाहणाऱ्यालाही एवढा धीर लागत नाही!

उतरण्याचा दिवस

रोझेटाच्या पोटात फिली नावाची एक पेटी होती. आकाराने घरातल्या फ्रिजएवढी, वजनाने सुमारे शंभर किलो, आणि तिला तीन पाय. तिच्यात तपासणीची दहा उपकरणे होती. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी ही पेटी सोडण्यात आली. त्या वेळी धूमकेतू पृथ्वीपासून सुमारे ५१ कोटी किलोमीटर दूर होता. तिथून निघालेला संदेश इथे पोचायला २८ मिनिटे लागत होती. म्हणजे इथून कोणी हात धरून उतरवणे शक्य नव्हते. जे करायचे ते पेटीने स्वतःच करायचे होते.

सात तास पेटी खाली येत होती. शेवटी तिचा वेग माणसाच्या चालीएवढाच होता. अडचण वेगाची नव्हती, वजनाची होती. धूमकेतूची ओढ इतकी कमी की इथली शंभर किलोची पेटी तिथे काही ग्रॅमच भरते. अशा ठिकाणी टेकलेली वस्तू रबरी चेंडूसारखी उसळते. म्हणून पेटीला दोन भाले दिले होते. टेकताच ते जमिनीत घुसून दोर ताणून धरणार होते. वरून दाब देणारा वायूचा झोतही होता.

झोत चालला नाही आणि भालेही सुटले नाहीत.

पेटी टेकली आणि उसळली. जवळजवळ दोन तास ती अधांतरी तरंगत होती. पुन्हा टेकली, पुन्हा उसळली आणि अखेर ठरल्या जागेपासून सुमारे किलोमीटरभर लांब, एका कड्याच्या सावलीत तिरकी जाऊन अडकली. धूमकेतूवरचा दिवस सुमारे साडेबारा तासांचा. त्यात सहा-सात तास ऊन मिळायचे ठरले होते, मिळाले जेमतेम दीड तास. आपल्याकडे सौरपंपाची पाटी चिंचेच्या झाडाखाली बसवली तर काय होईल, तीच गत झाली.

सुदैवाने निघतानाच भरून दिलेली बॅटरी सुमारे साठ तास पुरेल एवढी होती. हातात असलेला प्रत्येक तास शास्त्रज्ञांनी कामाला लावला. पेटीने छायाचित्रे घेतली, वायू हुंगले, तापमान मोजले, जमिनीवर हातोडी मारून पाहिली. तापमान शून्याखाली दीडशे अंशांहून कमी भरले. धुळीच्या थराखाली जमीन इतकी कठीण लागली की हातोडीची दांडी आत शिरेना. नमुना काढण्यासाठी गिरमिटही फिरवले, पण माती भट्टीत पोचल्याची खूण मिळाली नाही. १५ नोव्हेंबरला बॅटरी संपली. पुढे जून २०१५ मध्ये, धूमकेतू सूर्याजवळ आल्यावर, पेटी थोडा वेळ पुन्हा बोलली आणि मग कायमची गप्प झाली. तिचा ठिकाणा छायाचित्रात नीट दिसला तो २ सप्टेंबर २०१६ रोजी. त्याच महिन्याच्या ३० तारखेला रोझेटा यानालाही धूमकेतूवर हलकेच टेकवून ही मोहीम संपवली.

तपासणीचा दाखला

पेटीचे काम अर्धेमुर्धे झाले तरी रोझेटा यान दोन वर्षांहून अधिक काळ धूमकेतूबरोबर फिरत होते. त्याने वायू आणि धूळ गोळा करून सतत मोजमाप केले. माती परीक्षणाचा दाखला आपण वाचतो त्याच पद्धतीने त्याचे निष्कर्ष मांडतो.

घनता : पाण्याच्या निम्म्याच्या आसपास. धूमकेतू मोठ्या तलावात टाकता आला असता तर तरंगला असता. आत सत्तर टक्क्यांहून अधिक पोकळी आहे.

रंग : डांबराहून काळा. शेपटी पांढरी दिसते ती उन्हात उजळलेल्या धुळीमुळे.

वास : तिथल्या वायूंत कुजलेल्या अंड्यांचा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड आणि गोठ्यातल्या मुतासारखा वास देणारा अमोनिया सापडला.

कर्ब : धुळीच्या वजनात निम्म्याच्या जवळपास कर्बयुक्त सेंद्रिय पदार्थ. आपल्या कितीतरी जमिनींत सेंद्रिय कर्ब अर्धा टक्काही भरत नाही. अर्थात धूमकेतूवरचा कर्ब जनावरांच्या शेणाचा किंवा पालापाचोळ्याचा नव्हे. तो जीव जन्मण्याच्याही आधीचा आहे.

नत्र, स्फुरद, गंधक : तिन्ही सापडले. नत्र कमी का दिसते हे कोडे काही वर्षे होते. २०२० साली उलगडले की ते अमोनियमच्या क्षारांच्या रूपात धुळीत दडलेले आहे. अमोनियम सल्फेटचे पोते ज्याने फोडले आहे त्याला हे नाव नवे नाही.

याखेरीज ग्लायसीन सापडले. हा प्रथिनांचा सर्वांत साधा घटक. आपल्या अंगातले मांस, दुधातली आणि तुरीतली प्रथिने ज्या विटांनी बांधली जातात, त्यांपैकी ही एक वीट. ज्याला आपण अपशकुनी म्हणत आलो त्याच्या अंगात सजीवांच्या घराचे सामान निघाले. पृथ्वी तरुण असताना असे धूमकेतू तिच्यावर आदळले असणार आणि हे सामान इथे टाकून गेले असणार, असे बरेच शास्त्रज्ञ मानतात.

नमुना कोठून घेतला?

या दाखल्यातली एक ओळ आपल्या कामाची आहे, म्हणून ती वेगळी सांगतो. समुद्राचे पाणी धूमकेतूंनी आणले काय, हे पाहण्यासाठी शास्त्रज्ञांनी जड हायड्रोजनचे प्रमाण मोजले. पाण्यात साध्या हायड्रोजनबरोबर थोडा जड हायड्रोजनही असतो. या धूमकेतूच्या पाण्यात तो आपल्या समुद्राच्या तिपटीहून अधिक निघाला. तेव्हा, हे पाणी आपले नव्हे, असा निकाल २०१४ साली दिला गेला. दहा वर्षांनी, २०२४ साली, त्याच मोजमापांचा पुन्हा अभ्यास झाला. यानाजवळच्या धुळीमुळे आकडा फुगला असावा आणि धुळीपासून दूर घेतलेल्या मोजमापांत तो बराच खाली, समुद्राच्या पाण्याजवळ येतो, असे त्यात दिसले. नमुना कोठला यावर निकाल बदलला!

आपल्या शेतातही हेच होते. शेणखताच्या ढिगाजवळची, बांधालगतची, झाडाखालची किंवा पाणी साचणाऱ्या जागेतली माती पाठवली तर प्रयोगशाळा तिचाच निकाल देईल, शेताचा नव्हे. म्हणून हंगामी पिकासाठी आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घेऊन कडेची माती काढावी, ती एकत्र मिसळावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत आणि असे करत शेवटी अर्धा किलो माती पाठवावी. संत्र्याच्या बागेसाठी खालच्या थरांचे नमुने वेगवेगळे घ्यावेत. कोट्यवधी किलोमीटर गेलेल्यांनाही जो नियम चुकला नाही, तो आपण आपल्याच वावरात का मोडावा?

एवढा खर्च कशासाठी?

कळमन्याला तूर घेऊन आलेल्या एका जुन्या जाणत्या शेतकऱ्याने मला विचारले, "साहेब, त्या ताऱ्याची माती तपासून आमच्या कापसाले का फायदा?" प्रश्न रास्त आहे. या मोहिमेला सुमारे १४० कोटी युरो लागले. तिचा कापसाला सरळ फायदा काही नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले.

पण त्यांनाच मी बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारची आठवण दिली. तिथले सरोवर म्हणजे आकाशातून आलेल्या पाषाणाने आपल्या काळ्या कातळात पाडलेला सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा आहे. असे काही पुन्हा पृथ्वीच्या वाटेवर आले तर ते कठीण खडक आहे की भुसभुशीत ढेकूळ, हे आधी माहीत असावे लागते. भिंत पाडताना ती दगडी आहे की मातीची हे पाहूनच आपण पहार घेतो. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेने एका लहान लघुग्रहावर मुद्दाम यान आदळवून त्याची फेरी सुमारे अर्ध्या तासाने बदलून दाखवली. म्हणजे माणूस आता नुसता घाबरून बसलेला नाही.

आपल्या शिवारात काही पडले तर

आकाशात काही दिसले तर आधी ते काय आहे हे ओळखावे. शेंडेनक्षत्र सरसर धावत नाही. ते तासन्‌तास स्थिर दिसते आणि दररोज थोडे थोडे सरकते. क्षणात चमकून विझते ती उल्का. रेंगाळत, तुकडे होत जाणारा उजेड बहुधा माणसाने पाठवलेल्या यंत्राचा असतो. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भात पुष्कळांनी असा उजेड पाहिला. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे सुमारे दहा फूट व्यासाचे धातूचे कडे पडले. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत असे तज्ज्ञांचे मत पडले.

धातूची वस्तू पडली तर तिला हात लावू नये, मुलांना लांब ठेवावे आणि पोलीस पाटील किंवा तहसीलदार यांना कळवावे. काळ्या सालीचा जड दगड पडताना दिसला तर तो धुऊ नये, फोडू नये, शेंदूर फासून ठेवू नये. स्वच्छ कागदात गुंडाळून, पडल्याची जागा आणि वेळ लिहून, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे द्यावा. त्यांचे कार्यालय नागपुरातच आहे. अशा दगडांचा सांभाळ हे त्यांचे काम आहे. माल विकायला नागपूरला याल तेव्हा मुलांना गांधीसागराजवळच्या रमण विज्ञान केंद्रातले तारांगणही दाखवा.

रोझेटाचा धूमकेतू २०२८ साली पुन्हा सूर्याजवळ येईल, पण तो दुर्बिणीवाचून दिसणार नाही. हॅलेचा मात्र २०६१ साली येईल. आज आपल्या अंगणात खेळणारी पोरे तेव्हा आजी-आजोबा झालेली असतील. त्यांच्या नातवंडांनी बोट दाखवून विचारले, "हे काय?" तर त्यांना सांगता यावे, "बाळा, तो बर्फ आणि धुळीचा गोळा आहे. त्याची माती माणसाने तपासली आहे."